जुगारात मेंदू नेमका कुठे अडकतो?

पार्किन्सनच्या आजारात हात थरथरतात, चाल मंदावते, अंग ताठ होतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या काही पेशी हळूहळू मरत जातात, त्या तयार करत असलेलं डोपामिन हे रसायन कमी पडतं, आणि हालचालींवरचा ताबा सुटू लागतो. यावरच्या औषधांपैकी एक गट शरीरात डोपामिनची नक्कल करतो. प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही त्यातली नेहमीची नावं. २००५ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी पार्किन्सनच्या ११ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. या सगळ्यांना औषधं चालू असताना जुगाराचा नाद लागला होता, आणि ११ पैकी ९ जण प्रामिपेक्सोल घेत होते. औषध कमी किंवा बंद केल्यावर, ज्यांचा पाठपुरावा करता आला त्यांचा नाद सुटला.

पुढे २०१० मध्ये ३,०९० रुग्णांची मोठी पाहणी झाली. जुगार, बेसुमार खरेदी, अनावर खाणं, अनावर लैंगिक वर्तन यांपैकी निदान एक गोष्ट डोपामिनची नक्कल करणारी औषधं घेणाऱ्या १७.१ टक्के रुग्णांमध्ये आढळली. ही औषधं न घेणाऱ्यांत तेच प्रमाण ६.९ टक्के होतं. म्हणजे बहुतेकांना काहीही झालं नाही, पण काहींच्या बाबतीत एका गोळीने स्वभाव बदलल्यासारखा झाला. घरात कुणी ही औषधं घेत असेल आणि अचानक लॉटरी, ऑनलाइन रमी, सट्टा किंवा खरेदी वाढली असेल, तर न्यूरॉलॉजिस्टला लगेच सांगा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका, त्याचे वेगळे त्रास होतात.

मला ही हकीकत जुगाराबद्दलच्या इतर कुठल्याही संशोधनापेक्षा महत्त्वाची वाटते. जुगारात घर बुडवणाऱ्या माणसाबद्दल आपण काय म्हणतो? फुकटचं खायची सवय, संस्कार कमी पडले, बायकापोरांची पर्वा नाही. इथे संस्कार तेच होते, माणूस तोच होता, त्याची पेन्शनही तीच होती. मेंदूतल्या एका यंत्रणेला धक्का लागला, एवढाच काय तो फरक. मग ही यंत्रणा करते तरी काय?

डोपामिनला 'आनंदाचं रसायन' म्हणायची पद्धत पडली आहे, आणि गैरसमज तिथूनच सुरू होतो. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांनी ज्यांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवलं होतं अशा उंदरांच्या तोंडात साखरपाणी सोडून पाहिलं. उंदरांनी नेहमीसारखेच ओठ चाटले. गोड त्यांना गोडच लागत होतं. पण समोर अन्न ठेवलं तर ते उठून खायला जात नव्हते, भरवलं नसतं तर उपाशी मेले असते. आवडणं शाबूत होतं, हवंसं वाटणं गेलं होतं. मेंदूत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि डोपामिनचं नातं मुख्यतः दुसरीशी आहे. वर्षानुवर्षं जुगार खेळणारे कितीतरी जण सांगतात, "आता मजा येत नाही, पण राहवत नाही." हे वाक्य आपल्याला बहाणा वाटतं. मेंदूच्या भाषेत ते अगदी नेमकं वर्णन आहे.

डोपामिनचं दुसरं काम शिकवण्याचं. १९९० च्या दशकात मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींचे संदेश एकेक करून टिपले. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की पेशी जोरात पेटत. मग रसाच्या आधी दर वेळी एक खूण दाखवायला सुरुवात केली. काही दिवसांत पेशी खूण दिसताच पेटू लागल्या, आणि रस आला तेव्हा गप्प राहिल्या, कारण रस येणार हे आता ठाऊक होतं. खूण दाखवून रस दिलाच नाही, तेव्हा नेमक्या रसाच्या वेळेला पेशींचा आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला. थोडक्यात, या पेशी बक्षीस मोजत नाहीत. अपेक्षेपेक्षा किती जास्त किंवा किती कमी मिळालं, तो फरक मोजतात. महिन्याचा पगार खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला तर आपण नाचत नाही, पण जुन्या शर्टाच्या खिशात पाचशेची नोट सापडली तर दिवस चांगला जातो. त्यातलीच ही गोष्ट.

ही रचना मुळात फार उपयोगाची आहे. कुठल्या झाडाला फळं लागतात, कुठल्या वाटेला पाणी आहे, हे शिकायचं तर अनपेक्षित गोष्टीकडे लक्ष जायलाच हवं. एकदा शिकून झालं की फरक शून्यावर येतो आणि मेंदू दुसऱ्या कामाला लागतो. जुगारात मात्र शिकून कधीच होत नाही. पत्ता, फासा किंवा आकडा यांचा अंदाज बांधताच येत नाही, म्हणून प्रत्येक जिंकणं अनपेक्षितच राहतं आणि 'इथे काहीतरी शिकण्यासारखं आहे' हा इशारा कधी थांबत नाही. शिकायला काहीच नसलेल्या ठिकाणी शिकण्याची यंत्रणा फिरत राहते. माझ्या मते जुगाराच्या नादाचं मूळ इथे आहे. लोभ आणि कमकुवत मन नंतर येतात, किंवा येतही नाहीत.

शुल्ट्झ यांच्याच प्रयोगशाळेतून २००३ साली आणखी एक निरीक्षण आलं. रस मिळण्याची शक्यता दाखवणाऱ्या वेगवेगळ्या खुणा माकडांना शिकवल्या होत्या. एका खुणेनंतर रस नक्की मिळे, एकीनंतर कधीच नाही, एकीनंतर निम्म्या वेळा. खूण आणि निकाल यांच्या मधल्या दोनेक सेकंदांत काही डोपामिन पेशींचा संदेश हळूहळू चढत गेला, आणि सगळ्यात जास्त चढला तो निम्म्या-निम्म्या शक्यतेला. याचा अर्थ नेमका काय लावायचा यावर शास्त्रज्ञांमध्ये वाद आहे. पण 'होईल की नाही' ही अवस्थाच मेंदूला ओढून धरते, हे खेळणाऱ्या कुणालाही पटेल.

आता आपल्याकडचा मटका घ्या. १९६० च्या दशकात मुंबईत तो फोफावला तेव्हा त्याचं मूळ न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराच्या उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांमध्ये होतं. ते भाव येणं बंद झाल्यावर चिठ्ठ्या आणि नंतर पत्ते आले, पण ओपन आणि क्लोज हे दोन टप्पे तसेच राहिले. समजा, एकाने ४७ ही जोडी लावली आहे. आधी ओपन फुटतो, म्हणजे ० ते ९ मधला एक आकडा. काही तासांनी क्लोज फुटतो, पुन्हा ० ते ९ मधला एक. दोन्ही जुळले तर साधारण रुपयाला नव्वद. शक्यता शंभरात एक, म्हणजे लावलेल्या प्रत्येक शंभर रुपयांमागे सरासरी दहा रुपये चालवणाऱ्याच्या खिशात. हे गणित बहुतेक खेळणाऱ्यांनाही येतं.

त्यांना दिसत नाही तो त्या मधल्या तासांचा हिशोब. रोज एक जोडी लावणाऱ्याचे शंभर दिवस बघा. साधारण नव्वद दिवस ओपनलाच खेळ संपतो. उरलेल्या दहा दिवशी ओपनला चौका फुटतो आणि अर्धी जोडी लागते. आता क्लोजला सत्ता येतो का, एवढाच प्रश्न. त्या दहापैकी एकदा येतो, नऊदा येत नाही. म्हणजे एका विजयामागे नऊ वेळा 'लागलंच होतं, क्लोजने मारलं' हा अनुभव, आणि त्या प्रत्येक वेळी काही तास आशेवर काढलेले. माणूस कामावर असतो, जेवत असतो, पण लक्ष क्लोजकडे. हरण्याच्या नऊ दिवसांना जिंकण्याची चव लावणारी ही रचना कुणी प्रयोगशाळेत बसून केली नव्हती, तरी ती त्या पेशींच्या मर्मावर बरोबर बसते.

या 'थोडक्यात हुकलं'वर ल्यूक क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली केंब्रिजमध्ये काम केलं. लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून साध्या स्लॉट मशीनसारखा खेळ दिला. चित्रं जुळली तर पैसे, नाही तर काही नाही. चित्र एका घराने पुढे किंवा मागे थांबलं की लोक म्हणत, हे सरळ हरण्यापेक्षाही वाईट वाटलं. पण 'आता किती खेळावंसं वाटतं?' असं विचारलं तर उत्तर वाढलेलं. स्वतः चित्र निवडलं असेल तर हे विशेष दिसलं. आणि मेंदूत जिंकल्यावर जे भाग उजळत होते, त्यांतले काही थोडक्यात हुकल्यावरही उजळत होते. पुढे २०१४ मध्ये याच गटाने मेंदूच्या वेगवेगळ्या भागांना इजा झालेल्या रुग्णांना असेच खेळ दिले. इन्सुला नावाच्या भागाला इजा झालेल्यांवर 'थोडक्यात हुकलं'चा परिणाम होत नव्हता. 'इतक्या वेळा लाल आला, आता काळा येणारच' ही समजूतही त्यांच्यात दिसली नाही. शरीराच्या आतल्या हालहवालीची, धडधडीची, पोटात गोळा येण्याची नोंद ठेवणारा हा भाग आहे. म्हणजे जुगारातले चुकीचे हिशोब आपण काही अंशी अंगानेच करतो.

नेमबाजीत किंवा क्रिकेटमध्ये 'थोडक्यात हुकलं' हे खरंच उपयोगी असतं, पुढच्या खेपेला हात सुधारतो. मेंदूने तो नियम तिथून उचलला आणि मटक्याला लावला. क्लोजला सत्त्याऐवजी अठ्ठा आला काय किंवा एक्का आला काय, उद्याच्या आकड्याला त्याचं काही देणंघेणं नाही.

इथवर झाली ओढ. पण ओढ सगळ्यांनाच लागते, सगळेच बुडत नाहीत. आवरणारं काहीतरी असतं, आणि ते समजून घ्यायला अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातला १९९४ चा पत्त्यांचा प्रयोग पाहायला हवा. अँटॉइन बेचारा, अँटोनिओ डमासिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो रचला. टेबलावर चार गड्ड्या आहेत. हातात दोन हजार डॉलरच्या खोट्या नोटा. हव्या त्या गड्डीतून एकेक पान उचलायचं. पहिल्या दोन गड्ड्यांत प्रत्येक पानाला शंभर डॉलर मिळतात, उरलेल्या दोन्हींत फक्त पन्नास. अधूनमधून पानावर दंडही असतो. पहिल्या दोन गड्ड्यांतले दंड एवढे मोठे की दर दहा पानांमागे अडीचशे डॉलर अंगावर येतात. पन्नासवाल्या गड्ड्यांत दंड लहान, दर दहा पानांमागे अडीचशेचा फायदा. हे कुणी सांगत नाही. खेळ किती पानांचा, हेही नाही.

धडधाकट माणसं सुरुवातीला शंभरवाल्या गड्ड्यांकडे धावतात, दोनचार फटके खातात आणि हळूहळू पन्नासवाल्या गड्ड्यांकडे सरकतात. त्यांच्या तळहाताचा घाम मोजला तर वाईट गड्डीकडे हात जाण्याआधीच तो वाढायला लागतो. मात्र कपाळाच्या मागे, डोळ्यांच्या खोबणीच्या वर, मेंदूचा जो पुढचा-आतला भाग असतो, त्याला इजा झालेली माणसं शेवटपर्यंत शंभरवाल्या गड्ड्या सोडत नाहीत. तळहाताला आधी घाम येत नाही. फटका बसला की वाईट वाटतं, तरी पुढचं पान पुन्हा तिथूनच. आणि त्यांतल्या काहींना कोणत्या गड्ड्या वाईट आहेत हे सांगताही येत होतं. बुद्धी शाबूत, कळतंय, पण ते कळणं हातापर्यंत पोचत नाही. घाम आधी येतो की समज आधी येते, यावर नंतर बराच वाद झाला. पण जुगाराचं व्यसन असलेली माणसं या खेळात अशीच मागे पडतात, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. 'एवढं शिकलेला असून' हा आपला नेहमीचा उद्गार म्हणूनच लागू पडत नाही.

त्या चारपैकी एका गड्डीबद्दल आणखी थोडं सांगायला हवं. तिच्यात दहापैकी नऊ पानं निव्वळ फायद्याची, आणि एका पानावर साडेबाराशेचा दंड. धडधाकट माणसांनाही ती सोडवत नाही. शेअर बाजारात ऑप्शन (ठरलेल्या भावाने पुढे खरेदी-विक्री करण्याचा हक्क) विकून बऱ्याच वेळा थोडं कमावणाऱ्या आणि एखाद्या वेळी मोठा फटका खाणाऱ्या अनेकांना ही गड्डी ओळखीची वाटेल.

उतावळेपणा आपण एकच समजतो, पण प्रयोगशाळेत त्याचे वेगवेगळे तुकडे पडतात. हात थांबवता न येणं वेगळं, आणि वाट पाहता न येणं वेगळं. आज हजार की महिन्याने दीड हजार, असं विचारलं तर जुगाराचं व्यसन असलेले लोक इतरांपेक्षा जास्त वेळा आजचे हजार घेतात. हा निष्कर्ष वारंवार मिळाला आहे. हे आधीपासून असतं की व्यसनाने होतं? माणसांत सांगणं कठीण आहे. उंदरांत केंब्रिजच्या एका गटाने २००७ साली दाखवलं, की खूण मिळायच्या आधीच घाई करणाऱ्या उंदरांच्या मेंदूत, कुठलंही मादक द्रव्य देण्याच्या आधीपासून, डोपामिनचा संदेश झेलणारे काही ग्राहक (रिसेप्टर) कमी असतात, आणि संधी मिळाल्यावर तेच उंदीर जास्त कोकेन घेतात. वयाचाही वाटा आहे. आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत असतो, ओढ लावणारी यंत्रणा मात्र किशोरवयातच जोरात असते.

म्हणून वेग हा जुगारातला सगळ्यात घातक घटक मला वाटतो. पूर्वी वाटण्यापासून लावण्यापर्यंत वाट चालावी लागायची, माणूस भेटावा लागायचा, खिशात रोकड असावी लागायची. त्या वेळात मेंदूच्या पुढच्या भागाला बोलायची संधी मिळे. यूपीआयने आणि फोनने ती मधली जागाच काढून टाकली. शिवाय पडद्यावरचा आवाज आणि प्रकाश. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात २०१० साली अनेक ओळींच्या स्लॉट मशीनवर अभ्यास झाला. डॉलर लावून वीस सेंट परत आले, तरी यंत्र जिंकल्याचं संगीत वाजवतं. खेळणाऱ्यांच्या अंगावरचा घाम त्या वेळी खऱ्या जिंकण्याच्या जवळ गेला होता. हरलेले ऐंशी सेंट शरीराच्या हिशोबी आलेच नाहीत.

आणि मग येतं 'गेलेले काढायचेत'. कानमन आणि त्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली लोकांना विचारलं होतं: ३,००० हमखास गमावाल, की ४,००० गमावण्याची ८० टक्के शक्यता घ्याल? ९२ टक्के लोकांनी दुसरा पर्याय घेतला, सरासरीने तो जास्त तोट्याचा असूनही. नफ्यात असलेला माणूस सांभाळून राहतो, तोट्यात गेलेला धाडसी होतो. तोटा मान्य करून उठणं म्हणजे तो कायमचा करणं, आणि मेंदूला ते नको असतं. उधारउसनवार, गहाण टाकलेले दागिने, मुलीच्या फीचे पैसे, हे सगळं बहुतेक वेळा याच टप्प्यावर येतं.

फ्युचर्स-ऑप्शन्सचा, म्हणजे शेअर बाजारात पुढच्या भावांवर होणाऱ्या सौद्यांचा व्यवहार कायद्याने जुगार नाही, आणि तिथे आपली खरी जोखीम कमी करण्यासाठी येणारेही असतात. पण शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. तीस वर्षांखालच्या ट्रेडरचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. या व्यवहाराला काय म्हणायचं हे कायदा ठरवेल. साप्ताहिक एक्सपायरीच्या, म्हणजे त्या आठवड्याचे सौदे मिटायच्या दिवशी, दुपारी "लॉस काढतो आणि उठतो" म्हणणाऱ्या पोराच्या मेंदूत जे चाललंय, ते क्लोजची वाट पाहणाऱ्यापेक्षा वेगळं आहे असं मानायला मला कारण दिसत नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली. वेग कमी करणारं कुठलंही पाऊल मेंदूच्या बाजूचं असतं, पण ज्यांना नाद आधीच लागला आहे त्यांची ओढ कायदा झाला म्हणून थांबत नाही, ती दुसरी वाट शोधते.

२०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत जुगाराच्या विकाराला दारू आणि मादक द्रव्यांच्या शेजारी बसवण्यात आलं. बाहेरचं कुठलंही रसायन पोटात न जाता व्यसन होऊ शकतं, ही त्यातली मान्यता. उपचारांत सगळ्यात भक्कम पुरावा बोलण्यावर आधारलेल्या वर्तन-उपचाराचा आहे. त्यात 'हुकलं' आणि 'आता येणारच' यांसारखे विचार एकेक करून तपासले जातात आणि ओढ येते तेव्हा काय करायचं ते आधी ठरवलं जातं. नाल्ट्रेक्सोन या औषधाने काहींची ओढ कमी होते, ते मानसोपचारतज्ज्ञच ठरवतात.

घरच्यांनी करण्यासारखं बरंच आहे, आणि ते शपथा घालण्यापेक्षा वेगळं आहे. बरं होईपर्यंत पैशाचे व्यवहार विश्वासातल्या माणसाकडे द्यावेत, बँकेत यूपीआयची मर्यादा अगदी खाली आणावी, ट्रेडिंग खातं बंद करावं, झटपट कर्जाची ॲप काढून टाकावीत. वाटणं आणि लावणं यांच्यामधली हरवलेली वाट अशीच परत घालता येते. सगळं कर्ज एका दमात गुपचूप फेडून टाकू नका. आधी पूर्ण यादी कागदावर येऊ द्या, उपचार सुरू होऊ द्या, मग हप्ते बांधा. आणि "सगळं संपलं", "माझ्यामुळे तुम्हाला त्रास" असं काही ऐकू आलं तर पैशाचा विषय तिथेच बाजूला ठेवा आणि त्या माणसाला एकटं सोडू नका, कारण जुगाराच्या व्यसनात आत्महत्येचा धोका खरोखर मोठा असतो. केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. तिथे मराठीत बोलता येतं, आणि व्यसन असलेल्या माणसाची तयारी नसेल तरी घरच्यांनी फोन केलेला चालतो.